खिवा ते ताश्कंद: उझबेकिस्तानचे नऊ दिवस

भारतातून उझबेकिस्तानला जाणारे बहुतेक जण चार-पाच रात्रींत ताश्कंद आणि समरकंद उरकून परत येतात. दिल्लीहून थेट विमानाने जेमतेम तीन तासांवर असलेल्या देशाचा सगळ्यात चांगला भाग त्यात हातचा जातो. तो भाग म्हणजे बुखारा. म्हणून हा आराखडा उलट्या टोकाने आखला आहे. उतरल्यावर आधी देशाच्या पश्चिमेला खिव्याला जायचं, तिथून बुखारा आणि समरकंद करत ताश्कंदला परतायचं. शहरं लहानाकडून मोठी होत जातात, विमानाचा लांब टप्पा सुरुवातीलाच संपतो आणि बुखाऱ्याला तीन रात्री मिळतात. बुखाऱ्याला दोन रात्री म्हणजे फक्त घुमट पाहणं.

जाण्याचे महिने एप्रिल, मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या चाळीस दिवसांना तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी विटांच्या अंगणात उभं राहवत नाही. शाळेच्या सुट्ट्यांमुळे मे महिनाच हाती असेल, तर पहिला पंधरवडा धरा.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी नीट करा. पहिली, ई-व्हिसा. एका प्रवेशाच्या, तीस दिवसांच्या व्हिसाला 20 डॉलर पडतात. सांगताना तीन कामाचे दिवस सांगतात, पण हाताशी दहा दिवस ठेवा. मराठी पासपोर्टांत नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. ते जसंच्या तसं, संपूर्ण भरायचं. अर्ज अडतात ते बहुतेक इथेच.

दुसरी, रेल्वेची तिकिटं. ‘अफ्रासियाब’ ही स्पॅनिश बनावटीची वेगवान गाडी 2011 पासून ताश्कंद-समरकंद आणि 2016 पासून बुखाऱ्यापर्यंत धावते. हंगामात तिची तिकिटं विक्री सुरू झाल्यावर लवकरच संपतात, त्यामुळे तारखा ठरल्या की हॉटेलच्या आधी गाडी पाहा. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो आणि स्थानकात शिरतानाच तिकीट, पासपोर्ट आणि सामान तपासलं जातं. अर्धा तास आधी पोचायलाच हवं.

तिसरी, औषधं. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या यांबाबत तिथले नियम कडक आहेत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे घटकसुद्धा वाचा. लागणारी औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ड्रोन मात्र घरीच ठेवा, तो आणायला बंदी आहे.

पहिला दिवस: ताश्कंद

घड्याळ अर्धा तास मागे घ्या. विमानतळावरच सिमकार्ड घ्या, त्याला पासपोर्ट लागतो. टॅक्सीसाठी यांडेक्स गो हे ॲप आधीच फोनवर घेतलेलं असावं. बाहेर उभे असलेले चालक सांगतात ते भाडं आणि ॲपवरचं भाडं यांत कित्येक पटींचा फरक असतो. चलन सोम. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, म्हणजे लाख सोमचं जेवण ऐकून दचकायचं कारण नाही. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. घडी पडलेली किंवा शाईचा ठिपका असलेली नोट परत करतात.

हॉटेलवाले तुमची नोंदणी करतात. निघताना तिचा कागद किंवा त्याची प्रत मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत सगळ्या प्रती एकत्र ठेवा. आज शहर पाहायच्या फंदात पडू नका, ते शेवटी येणारच आहे.

दुसरा दिवस: खिवा

सकाळच्या विमानाने उर्गेंच, दीड तासाच्या वर. तिथून खिवा पस्तीसेक किलोमीटर. आतलं तटबंदीचं शहर म्हणजे इचान कला. 1990 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे देशातलं पहिलं ठिकाण. मुक्काम तटाच्या आतच करा. संध्याकाळी गटांच्या बसगाड्या निघून जातात आणि नऊनंतर मातीच्या भिंतींमधून चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

पश्चिमेच्या ओता दरवोझाजवळ तिकीट मिळतं. एकाच तिकिटात आतली बहुतेक संग्रहालयं येतात. मिनारावर चढण्याचे आणि तटावर जाण्याचे पैसे वेगळे. दरवोझा म्हणजे अर्थातच दरवाजा. या देशात फिरताना कान उघडे ठेवले तर पाट्या आपोआप उलगडत जातात. बोझोर म्हणजे बाजार, नोन म्हणजे नान, हफ्ता म्हणजे आठवडा, तरोझी म्हणजे तराजू, दोप्पी म्हणजे टोपी. ‘दोरीखोना’ हा आपला दारूखाना, पण तिथे दारू म्हणजे औषध, म्हणून ते औषधाचं दुकान. सब्झी मागितली तर गाजर मिळेल.

दरवाज्याबाहेर अल्-ख्वारिझ्मीचा पुतळा आहे. नावाप्रमाणे तो याच ख्वारिझम प्रांतातला. भारतीय अंकांनी गणित कसं करायचं यावर नवव्या शतकात त्याने लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. आत शिरताच फिरोजी रंगाचा बुटका काल्ता मिनार दिसतो. तो बांधणारा मुहम्मद अमीन खान 1855 मध्ये लढाईत मारला गेला आणि काम तिथेच थांबलं.

जुमा मशिदीत दुपारी जा, बाहेर ऊन असताना. दोनशेहून जास्त लाकडी खांब, प्रत्येकावरचं कोरीवकाम वेगळं, काही खांब दहाव्या-अकराव्या शतकातले. उजेड छतातल्या झरोक्यांतून खाली उतरतो. खांबाचं बूड जवळून पाहा. फुगीर तळाशी लाकूड निमुळतं होत दगडी बैठकीवर टेकलेलं आहे, म्हणजे जमिनीतली खारट ओल लाकडात चढत नाही.

कुस्तीची आवड असेल तर पहलवान महमूदचा मकबरा चुकवू नका. तेराव्या-चौदाव्या शतकातला हा माणूस चामड्याचे कपडे शिवणारा, कवी आणि मल्ल होता. तो हिंदुस्तानात येऊन कुस्ती जिंकला आणि बक्षीस म्हणून आपल्या मुलखातले कैदी सोडवून घेऊन गेला, अशी दंतकथा तिथे सांगतात. आजही नवी जोडपी इथे दर्शनाला येतात.

सूर्यास्ताला कुहना आर्कच्या बुरुजावर. हा किल्ला पश्चिमेला असल्याने मावळतीचं ऊन समोरच्या सगळ्या मिनारांवर पडतं. जेवायला शिवित ओशी: शेपूच्या रसाने हिरव्या केलेल्या शेवया. वर मांसाचा रस्सा घालतात. तो नको असेल तर ‘गोश्तसिझ’ म्हणा, दह्याबरोबर नुसत्या शेवया छान लागतात. अंडं चालत असेल तर तुखुम बराक, म्हणजे अंड्याचं सारण भरलेली उकडलेली पुडी, नक्की घ्या.

तिसरा दिवस: वाळवंटातून

खिवा ते बुखारा साडेचारशे किलोमीटर, किझिलकुम वाळवंटाच्या कडेने. रेल्वेने किंवा मोटारीने, सहा तास धरून चाला. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळे हा टप्पा तिकीट काढताना ताजा तपासा. मोटारीने गेलात तर पाणी, सुका मेवा आणि सुट्टे सोम जवळ ठेवा. वाटेत खाण्याच्या जागा थोड्या आणि स्वच्छतागृहाला पैसे लागतात. वाटेत अमू दर्या दिसते, ग्रीकांची ऑक्सस. सोव्हिएत काळापासून तिचं पाणी कपाशीकडे वळवलं गेलं आणि अराल समुद्र आटत गेला. देशभरच्या निळ्या-पांढऱ्या किटल्यांवर आणि प्याल्यांवर जी नक्षी दिसते ती फुटलेल्या बोंडाची आहे. विदर्भातल्या माणसाला ती सांगावी लागणार नाही.

बुखाऱ्याचं स्थानक बुखाऱ्यात नाही. ते कागान गावी आहे, जुन्या शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर. परतीच्या गाडीच्या वेळी हे विसरलं की गाडी चुकते.

चौथा आणि पाचवा दिवस: बुखारा

आलुबुखार हे नाव या शहरावरून पडलं. इथे तिकिटांच्या रांगेपेक्षा चालणं महत्त्वाचं, त्यामुळे दोन दिवस एकत्रच सांगतो.

सुरुवात लब-ए-हौझपासून. लब म्हणजे ओठ, काठ. हौझ म्हणजे आपला हौद. 1620 च्या सुमाराचा हा दगडी पायऱ्यांचा तलाव, काठावर जुनी तुतीची झाडं. असे कितीतरी हौद एके काळी शहरभर होते, लोक त्यांतलंच पाणी पीत आणि त्यातून नारू हा जंताचा रोग पसरे. तिथे त्याला ‘रिश्ता’ म्हणत. सोव्हिएत राजवटीने बहुतेक हौद कोरडे केले तेव्हा तो रोग गेला. आपल्याकडेही नारू गेला तो पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, म्हणून या हौदाच्या पायऱ्यांवर बसताना जुन्या मराठी माणसाला गोष्ट लगेच कळते.

हौदाकाठी चहा मागवा. किटली आली की पहिला चहा प्याल्यात ओतून परत किटलीत टाकतात, असं तीनदा. मग पाहुण्याला अर्धाच प्याला देतात. अर्धा प्याला म्हणजे मान: पुन्हा पुन्हा भरून द्यायची यजमानाची तयारी. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘आता उठा’. बरोबर नवात येते, ती खडीसाखर. नान कधी पालथी ठेवायची नाही आणि सुरीने कापायची नाही, हाताने तोडायची.

तिथून पश्चिमेकडे गेलं की छत घातलेले बाजार लागतात. तोकी सर्राफोन, तोकी तेलपाक फुरुशोन, तोकी झरगारोन. पहिला सराफांचा, दुसरा टोपीवाल्यांचा, तिसरा सोनारांचा. सराफांच्या घुमटाखाली नाणी बदलून देणाऱ्यांत आणि व्याजाने पैसे देणाऱ्यांत हिंदुस्तानातले, मुलतान आणि शिकारपूरकडचे व्यापारीही असत. चौकात चार बाजूंनी रस्ते येतात आणि वर घुमट, त्यामुळे भर उन्हातही खाली गारवा राहतो. जवळच रस्त्याच्या पातळीखाली गेलेली मगोकी अत्तोरी मशीद आहे. अत्तोरी म्हणजे अत्तारांची. शतकानुशतकं आजूबाजूची जमीन वर येत गेली आणि मशीद खड्ड्यात राहिली.

पोई कलोन चौक दोनदा पाहा. कलोन मिनार 1127 चा, सेहेचाळीस मीटरांच्या आसपास उंच. 1220 मध्ये चंगीझखानाने शहर जाळलं, पण मिनार वाचला. विटांचे पट्टे खालून वर मोजत जा, प्रत्येक पट्ट्याची वीण वेगळी आहे आणि रंगीत फरशी अगदी थोडी. सगळं काम विटेच्या सावलीनेच केलेलं. कलोन मशीद पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे, म्हणून तिच्यावर सकाळचं ऊन. समोरचा मीर-ए-अरब मदरसा संध्याकाळी उजळतो. तो आजही चालू आहे, त्यामुळे प्रवाशांना दाराच्या जाळीपर्यंतच जाता येतं.

पण बुखाऱ्यात एकच वास्तू पाहायला वेळ असेल, तर सामानी राजघराण्याचा मकबरा पाहा. दहाव्या शतकातला, बाजूच्या बागेत एकटा उभा, दहा-अकरा मीटरांचा घन आणि वर घुमट. रंग नाही, फरशी नाही. वीट आडवी, उभी, तिरकी, कोपऱ्यावर अशी लावली आहे की भिंत विणलेल्या टोपलीसारखी दिसते. सकाळी आठला एकदा आणि उन्हं कलताना एकदा जा. सावल्या फिरतात तशी नक्षी बदलते. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवण्यासाठी आत चार कोपऱ्यांत चार कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आहे. हीच युक्ती पुढे फार लांबपर्यंत गेली. मान वर करून विजापूरचा गोलघुमट आठवणाऱ्याला ती ओळखीची वाटेल.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळी शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर सूफी संत बहाउद्दीन नक्शबंद यांची समाधी. 1389 मध्ये ते गेले. ‘हात कामाला, मन देवाला’ हे त्यांच्या पंथाचं सूत्र तिथे सांगतात, आणि कुणाही मराठी माणसाला सावता माळी आठवावेत असं ते आहे. डोकं झाका, आवाज हळू ठेवा, लोक दुआ मागत असतील तेव्हा फोटो नको.

शाकाहारी लोकांनी बुखाऱ्यात पोट भरून घ्यावं. इथे आणि समरकंदात बरेच लोक ताजिक बोलतात आणि टांगून घट्ट केलेल्या दह्याला ‘चक्का’ म्हणतात, आपल्या श्रीखंडाचाच. गरम नान, चक्का, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, शरदात भोपळ्याचे सोमसे. एक सावधगिरी: भाजीचं सूप म्हणून येतं ते बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजलेलं असतं. ‘गोश्तसिझ’ म्हटल्यावरही वरचे तुकडे काढून तोच रस्सा देतात, म्हणून पाण्याबद्दल वेगळं विचारा.

सहावा दिवस: गिझदुवानमार्गे समरकंद

आज अफ्रासियाब सोडून मोटार करा. बुखाऱ्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर गिझदुवान आहे. बहुतेक प्रवासी इथे कुंभारकामासाठी थांबतात, तपकिरी, हिरव्या आणि पिवळ्या झिलईच्या थाळ्यांसाठी. मराठी माणसाला थांबायला आणखी मोठं कारण आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, ते बाबा शाह मुसाफिर मूळचे या गावचे, आणि बुखाऱ्यात शिकलेले. नक्शबंदी पंथाचे हे फकीर सतराव्या शतकात चालत-चालत दख्खनला पोचले. गावात पंथाचे पूर्वसूरी अब्दुल खालिक गिझदुवानी यांची समाधी आणि तैमूरचा खगोलशास्त्रज्ञ नातू उलुगबेग याने बांधलेला छोटा मदरसा आहे. तासाभराचं काम. पुढे समरकंद दोनशेवर किलोमीटर, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तुती.

सातवा दिवस: समरकंद

सकाळी आठला शाह-ए-झिंदा. एका अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना थडगी, बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकांतली, आणि निळ्या रंगाचा असा साठा जगात दुसरीकडे मिळणं अवघड. दहानंतर गल्लीत उभं राहायला जागा नसते. पायऱ्या जाताना आणि येताना मोजतात. आकडा सारखा आला तर मन शुद्ध, असं म्हणतात.

खाली बीबी खानम मशीद. 1398 मध्ये दिल्ली लुटल्यावर तैमूरने पुढच्याच वर्षी ही सुरू केली आणि दगड ओढायला हिंदुस्तानातून नेलेले हत्ती लावले. घाईत आणि आवाक्याबाहेरच्या मापाने बांधल्यामुळे ती लवकरच तडकू लागली. आज दिसते ती बरीचशी विसाव्या शतकातली डागडुजी आहे. शेजारच्या सियाब बाजारात समरकंदी नान घ्या: जाड काठ, जड, मधोमध ठशाची नक्षी. ती कित्येक दिवस टिकते.

दुपारचं जेवण एकनंतर ढकलू नका. पलाव सकाळी कझानमध्ये, म्हणजे मोठ्या कढईत चढतो आणि दुपारी संपतो. ताश्कंदचा पलाव सगळं कालवून देतात. समरकंदात थर न मोडता वाढतात: खाली तांदूळ, वर पिवळं गाजर, त्यावर मांस. जिऱ्याला तिथेही झिरा म्हणतात. तेलकट असतो, म्हणून बरोबर हिरवा चहा प्यायचा. गार पाणी प्यायलं की पोट बिघडतं, ही तक्रार तिथे सर्रास ऐकू येते.

रेगिस्तान चौक दुपारी चारनंतर. डावीकडे, पश्चिमेला उलुगबेगाचा मदरसा, 1420 ला पुरा झालेला. तोंड पूर्वेला, म्हणून त्याला सकाळचं ऊन हवं. समोर शेर-दोर, 1636 चा, वाघासारखे पट्टे असलेले सिंह हरणांमागे धावतात आणि त्यांच्या पाठीवर माणसाचा चेहरा असलेला सूर्य. तो संध्याकाळी पेटतो. मधला तिल्ला-कारी आतून सोनेरी, पण नीट पाहा: घुमट वाटतो ते छत सपाट आहे, नक्षी आत आत बारीक होत गेल्याने खोली भासते. जमिनीवर उभं राहून हे पटत नाही, बाजूला सरकून पाहिलं की पटतं. अंधार पडल्यावर दिव्यांसाठी पुन्हा या.

आठवा दिवस: वेधशाळा आणि कागद

सकाळी उलुगबेगाची वेधशाळा. वर फारसं उरलेलं नाही, 1908 मध्ये जमिनीतला भाग सापडला. सुमारे चाळीस मीटर त्रिज्येच्या कंसाचा खालचा तुकडा खडकात कोरलेला आहे. इथे हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची 1437 मध्ये तयार झाली. 1449 मध्ये उलुगबेगाचा खून झाला, पण कोष्टकं राहिली, आणि सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारताना ती अभ्यासली. जवळच्या कोनिगिल गावात तुतीच्या सालीचा कागद बनवतात: साल सोलून उकळायची, पाणचक्कीवर कुटायची, चाळणीने उचलायची, दाबून वाळवायची आणि शिंपल्याने किंवा गोट्याने घोटायची. तासभर पाहा. संध्याकाळच्या अफ्रासियाबने ताश्कंद, सव्वादोन तास. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्थानकं आहेत, तिकिटावर कोणतं ते वाचा.

नववा दिवस: ताश्कंद

1966 च्या एप्रिलमधल्या भूकंपाने जुनं शहर पाडलं, म्हणून आजचं ताश्कंद रुंद रस्त्यांचं आहे. सकाळी चोर्सू बाजार, निळ्या घुमटाखाली. खाली मांस आणि दुधाचे पदार्थ, वरच्या गॅलरीत सुका मेवा. जर्दाळू चाखून घ्या, सालीसह भाजलेल्या जर्दाळूच्या बिया राखेसारख्या पांढुरक्या दिसतात, त्या फोडून खायच्या.

मग मेट्रो, 1977 ची, मध्य आशियातली पहिली. फोटोंवरची बंदी 2018 मध्ये उठली. कॉस्मोनाव्तलार स्थानकावर उतराच. निळ्या भिंतींवरच्या चकत्यांमध्ये अंतराळवीर गागारिन आणि तेरेश्कोव्हा आहेत, आणि त्यांच्या रांगेत उलुगबेगही आहे.

दुपारी शास्त्रीजींचा पुतळा. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करारावर सही झाली आणि 11 तारखेच्या पहाटेआधी लालबहादूर शास्त्री इथेच गेले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण त्या शिष्टमंडळात होते. पुतळा त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. फुलं वाटेतल्या दुकानातून घ्या, तिथे फुलवाला जवळ नाही.

रात्रीच्या विमानाला तीन तास आधी पोचा. उरलेले सोम शहरातच बदला किंवा मेव्यात घाला, भारतात ते कोणी घेत नाही. समरकंदी नान घेतली असेल तर कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये तिला घाम सुटतो आणि मऊ पडते. घरी पोचल्यावर पाण्याचा हलका शिपका मारून तव्यावर झाकण ठेवा, चार-पाच मिनिटांत ती पुन्हा उमलते.